चारशे पानांची पैज

या गं पोरींनो, अशा जवळ सरकून बसा. आज पोथी राहू दे. माझ्या भाचीची, स्वानंदीची, एक गोड गोष्ट सांगते.

यंदाच्या रामनवमीला दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या महाराष्ट्राच्या सदनात कीर्तन होतं. बाहेर जुन्या मराठी पुस्तकांचं टेबल. स्वानंदी जन्मापासून दिल्लीची. नोएडातल्या नव्या परदेशी कंपनीत लागलेली, कमरेला पेजर! तिनं चारशे पानांची जुनी कादंबरी उचलली, तर शेजारून आवाज आला —

"वाचणार, की शोकेसमध्ये ठेवणार?"

तो हेरंब. परभणीचा. कलेक्टरकीची मुलाखत देऊन महिनाभर दिल्लीत थांबलेला.

"एका महिन्यात संपवीन!"

"चेष्टा करताय?"

"बिल्कुल! पूरी चेष्टा करणार!"

तो हसतच सुटला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा... तिला कुठलं ठाऊक!

पैज लागली. तो गावी जायच्या आत कादंबरी संपली, तर तिचं एक मागणं त्यानं ऐकायचं.

मग दर शनिवारी सदनाच्या कॅन्टीनमध्ये चहा. ती शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारून आणायची.

"'हुरहूर' म्हणजे?"

तो सांगायला लागे... अडखळे... खिडकीबाहेर बघे.

"तुम्हालाच येत नाही ना?"

"येतं हो. सांगता येत नाही."

तिसऱ्या आठवड्यात तिनं वाचन मुद्दाम मंद केलं. पुस्तक संपलं की भेटी संपतील! मग एकदम ध्यानात आलं — तिकीट काढलेलं, तो जाणारच; पुस्तक राहिलं, तर आपलं मागणंही राहील. मग काय, ऑफिसच्या बसमध्ये, लिफ्टमध्ये, जेवताना... वाचतेच आहे पोरगी!

शेवटच्या दिवशी आंधी उठली. ही केसांत धूळ घेऊन आली, पुस्तक टेबलावर ठेवलं.

"संपलं."

"मागा मग."

"तुमच्याबरोबर... संसार बघायचाय."

चहा बशीत सांडला. त्यानं हळूच विचारलं, "हिंदीतला? म्हणजे... जग फिरायचंय?"

"चारशे पानं वाचलीत मी, साहेब. मराठीतला. आणि बघायचा नाही — करायचाय."

"माझा निकाल यायचाय, स्वानंदी. नाव नाही आलं, तर परभणीत मास्तरकी करावी लागेल."

"तरी मराठीतलाच."

त्यानं होकाराची मान डोलावली... आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला, लबाड!

पुढच्या आठवड्यात निकाल आहे गं. सांजेला देवापुढे दिवा लावाल, तेव्हा हेरंबची आठवण ठेवा.