सोल्डरचा डाग

"तिला सांग, दारातून बाजूला हो म्हणावं."

नाना हे बोलले ते भिंतीकडे बघून. सून समोर हातभर अंतरावर उभी होती, तरीही निरोप मुलाच्या मार्फतच गेला. या घरातली ती जुनी रीत होती. बाहेर पायऱ्यांखाली भंगारवाल्याची हातगाडी लागलेली, आणि दाराच्या आत बापलेकांनी दोन बाजूंनी उचलून धरलेला, चादरीत गुंडाळलेला तो अवजड अॅम्प्लिफायर! बिचारा थोरला मुलगा एकदा बापाकडे बघे, एकदा बायकोकडे. ओझ्यापेक्षा संकोचानेच त्याला घाम फुटला होता.

धाकट्या दिरापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. या घरात आल्यापासून तिने सासऱ्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. आज मात्र तिचे पाय उंबऱ्यात रुतून बसले होते.

"हा भंगारात जाणार नाही, नाना," ती म्हणाली. "मीच जाळला ना हा? मग दुरुस्तही मीच करणार. तेवढा तरी हक्क माझा आहे."

नानांचा चेहरा क्षणभर कठोर झाला... आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपल्या बाजूचं ओझं हळूच खाली टेकवलं आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

त्यांचा संताप उगाच नव्हता. सकाळीच गावातलं बंद पडलेलं चित्रपटगृह पुन्हा उघडणाऱ्या मंडळींचा माणूस येऊन गेला होता. नानांनी उभा जन्म त्याच चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टर-खोलीत काढला होता. ते बंद पडलं तेव्हा तिथला, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अॅम्प्लिफायर त्यांनी घरी आणला, स्वतःच्या हातांनी पुन्हा उभा केला, आणि त्याच्यासमोर बसून नाना आणि सासूबाई रोज संध्याकाळी गाणी ऐकत. आता मंडळींना पहिल्या खेळाला तोच जुना, उबदार आवाज हवा होता. नानांनी एवढंच सांगितलं, "तो मेला." आणि माणूस वळताच भंगारवाल्याला हाक मारली.

मेला तो कसा? सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षीची ती दुपार वहिनीच्या काळजात अजून धगधगत होती. नाना बाहेर गेले होते. धाकटा दीर तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा, आईविना सैरभैर झालेला. मित्र येणार होते, आवाज मोठा हवा होता. व्हॉल्व्हना आवर घालणारा रेझिस्टर काढून त्याने तिथे भलताच जोडला. आवाज वाढला खरा. पण व्हॉल्व्हच्या आतले पत्रे लालबुंद झाले आणि बघता बघता ट्रान्सफॉर्मरमधून धुराचा लोट उठला. दुसऱ्या दिवशी तो शिकायला परगावी निघणार होता. नानांच्या पायांचा आवाज पायऱ्यांवर आला तेव्हा त्या पोराच्या डोळ्यांत जे भय दाटलं, ते बघून वहिनीचं अंतःकरण पिळवटून निघालं. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत त्याचा हात तिच्याच हातात दिला होता ना!

"माझ्याकडून झालं, नाना," ती पुढे होऊन म्हणाली होती. "चालू ठेवून विसरले."

त्या दिवसापासून नाना तिच्याशी बोलले नाहीत. ओरडले असते, टाकून बोलले असते तरी तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसती पाठ फिरवली. पत्नीच्या सहवासाची उरलेली एकुलती एक वस्तू सुनेच्या हलगर्जीपणाने जळाली, हा सल त्यांनी उराशी धरला. दीर दुसऱ्या दिवशी गेला, शिकला, नोकरीला लागला. वहिनीला तिच्या वाढदिवसाला न चुकता साडी पाठवी. घरी यायचं मात्र टाळी. नवऱ्यालाही तिने खरं सांगितलं नाही. एका कानाचं चार कानांवर जायला वेळ लागत नाही.

पण ती रडत बसली नाही. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांच्याकडे तिने हे काम शिकायला सुरुवात केली. लोक हसले. "पोळपाट सोडून पकड धरली!" म्हणाले. पुढे तेच लोक आजोबांच्या काळचे मुके रेडिओ, धूळ खाल्लेले अॅम्प्लिफायर घेऊन तिच्या दारात येऊ लागले. जेवणाच्या टेबलाचं अर्धं अंग तिच्या मीटरने आणि तारा जोडायच्या कढत सोल्डरिंग आयर्नने कायमचं बळकावलं, आणि जेवताना मीठ मागितलं तर हातात रेझिस्टर येतो म्हणून नवरा कुरकुरू लागला, तोही कौतुकाने. फक्त नानांच्या त्या अॅम्प्लिफायरला हात लावायची तिला बंदी होती. आज ती बंदी तिने मोडली होती.

चादर सोडली तेव्हा आतून जळक्या लाखेचा जुना वास आला. वहिनीने पहिल्यांदा आपल्या सवयीप्रमाणे कंडेन्सरमध्ये वीज उरली नाही ना, ते मीटर लावून पाहिलं. इतक्या वर्षांत कुठून उरणार? तरी पाहिलं. खोलीच्या दारातून नाना बघत होते. दोघांची नजरानजर झाली आणि ते आत वळले.

जळका ट्रान्सफॉर्मर उकलून नव्याने गुंडाळायचा होता. हाताने फिरवायच्या चरख्यावर केसासारखी तार चढवत ती मोठ्याने वेढे मोजत होती. दारावर कोणीतरी आलं, बोलावं लागलं आणि मोजणी विसरली. ती हताश होऊन तार उलटी सोडणार, तोच मागून आवाज आला. नाना पुढचा आकडा सांगत होते. खुर्ची ओढून ते चरख्यापाशी बसले आणि थेट संध्याकाळपर्यंत मोठ्याने मोजत राहिले. निव्वळ आकडे! पण ते तिला उद्देशून होते, आणि इतक्या वर्षांची तहानलेली ती, त्या कोरड्या आकड्यांनीही तृप्त होत होती...

मग नाना रोजच टेबलाशी बसू लागले. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक भाग पुसून देत. एकदा पुसता पुसता त्यांचे हात थांबले. "जी बाई मेलेल्या यंत्रातसुद्धा तपासल्याशिवाय बोट घालत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले, "ती चालू यंत्र विसरेल कशी?"

वहिनीने झटकन आत पाहिलं. धाकट्याने जोडलेला तो जळका रेझिस्टर अजून जागेवरच होता. तिने नानांना गोळ्यांची आठवण करून दिली आणि ते उठताच घाईने सोल्डरिंग आयर्न त्या जोडावर टेकवलं.

"राहू दे."

नाना गेलेच नव्हते. ते तिच्या खांद्यामागे उभे होते. वाकून त्यांनी त्या जोडावर बोट ठेवलं. तिथे सोल्डरचा भलामोठा, ओबडधोबड गोळा बसला होता.

"लहानपणी त्याला मी शिकवायचो," नाना म्हणाले. "शंभरदा सांगितलं, अरे, डाग द्यायचाय, भिंत लिंपायची नाहीये. ऐकायचाच नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हा डाग तुझा नव्हे, सूनबाई. आणि मी तो तुझ्या माथी मारून बसलो..."

सूनबाई! किती वर्षांनी तो शब्द तिच्या कानी पडला होता. हातातलं आयर्न तिने कसंबसं स्टँडवर ठेवलं आणि मग इतका काळ बांधून ठेवलेला बांध फुटला.

"मला राग येत होता, नाना," हुंदक्यांतून ती म्हणाली. "फार राग यायचा. त्याचा नाही. तुमचा. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत, खरंच तू केलंस का म्हणून."

"विचारायला हवं होतं, पोरी," म्हातारा म्हणाला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला.

त्याच दिवशी नानांनी धाकट्याला फोन केला. वहिनीचं काम बघायला ये, एवढंच सांगितलं. तो आला, उंबऱ्यातच थबकला, टेबलावर उघडा पडलेला अॅम्प्लिफायर आणि त्याच्यापाशी बसलेले दोघं बघून पांढराफटक पडला.

"तू काही सांगू नकोस," नाना म्हणाले. "तुझ्या सोल्डरने सांगितलंय."

तो वहिनीच्या पायांशी बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "रडून तारा जोडल्या जात नाहीत. ऊठ, तो दिवा धर."

मग घर कामाला लागलं. कोरडे पडलेले कंडेन्सर गेले, नवे आले. प्रत्येक व्हॉल्व्हला वहिनीने वेगळा रेझिस्टर आणि वेगळा फ्यूज दिला, म्हणजे एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला नको. ही सुधारणा नानांच्याही डोक्यात कधी आली नव्हती. "माझ्यापेक्षा सरस केलंस," ते म्हणाले आणि ते चेष्टेने नव्हे. एक घुरघुर मात्र जाता जात नव्हती. अर्थिंगच्या साऱ्या तारा सोडून एकाच बिंदूत आणल्या, तेव्हा ती गेली. चित्रपटगृहात नेण्याआधी, विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून पहिल्यांदा वीज दिली तेव्हा चौघं त्या बल्बवर डोळे लावून उभे होते. बल्ब भक्कन पेटला... आणि हळूहळू मंदावत गेला. आत कुठे दोष असता तर तो तसाच पेटलेला राहिला असता. व्हॉल्व्हमध्ये केशरी निखारे फुलले. नवऱ्याने टाळी वाजवली आणि धाकटा हसता हसता पुन्हा रडला.

पहिल्या खेळाला चित्रपटगृह गच्च भरलं. मंडळींनी नानांना मंचावर बोलावलं, त्यांच्या हाताने बटण दाबायचं ठरलेलं. नाना माइकपाशी गेले, आणि पहिल्या रांगेकडे हात करून म्हणाले, "हा आवाज माझा नाही. हा माझ्या सूनबाईने जिवंत केलाय. मी तिच्यावर अन्याय केला होता, तोही आज सगळ्यांदेखत कबूल करतो."

वहिनी लाजेने आणि कृतार्थतेने अर्धमेली झाली. पण उठली. प्रोजेक्टर-खोलीत जाऊन तिने बटण दाबलं. अंधारात पडदा उजळला, आणि पहिल्या सुराबरोबर साऱ्या सभागृहात तो भरदार, मऊ आवाज असा पसरला की बाल्कनीतले लोकसुद्धा उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट थांबेना. दीर तिच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होता, तिला ऐकू येत नव्हतं.

नाना धापा टाकत जिना चढून वर आले. या खोलीत सारा जन्म काढलेला तो माणूस दाराशी अदबीने थांबला. टाळ्यांत सूर बुडत होते. त्यांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला, पण वाटेतच थबकला.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "थोडा वाढवू का?"

"वाढवा, नाना," वहिनी म्हणाली. "आता काही जळणार नाही."