वरच्या आळीतली काजळी

बर्निसची गाडी चढावर खोकायला लागली. तिनं ती तशीच रेटत रोनाल्डाच्या गॅरेजात आणून उभी केली आणि किल्ली टेबलावर टाकत म्हणाली, "हिलाही दम लागतोय बघ. माझ्या पेशंटांची लागण झालीय."

जुनी जर्मन डिझेल स्टेशन वॅगन होती. मागच्या बाजूला ऑक्सिजनची नळकांडी, औषधांची पेटी, रबरी बूट. बर्निस पॉइरिए ही घरोघर फिरणारी नर्स. मॅकलीन्स पॉइंटची कोळशाची खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण समुद्राच्या तळाखाली जाऊन कोळसा काढणारी माणसं अजून वरच्या आळीत राहत होती, छातीत ती खाण घेऊन. बर्निस रोज या दारातून त्या दारात जायची. मधलं अंतर म्हणाल तर हाकेचं. इंजिन गरम व्हायच्या आत पुन्हा बंद.

"तेच तर नडतं," रोनाल्डा नटबोल्ट सैल करत म्हणाली. "थंड इंजिन धड जाळत नाही. धूर होतो, तोच थोडा परत आत खेचला जातो, तेलाची वाफ त्यात मिसळते, आणि हवेच्या वाटेत थर बसत जातात. चिमणीत बसतात तसे."

तिनं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारा तो फाटे फुटलेला नळ, सोडवून बाकावर ठेवला. आत डांबरासारखी चिकट, काळी साय. मूठ जाईल एवढी वाट बोट जाईल एवढी उरलेली. काही जगावेगळं नव्हतं. केप ब्रेटन बेटावरच्या हिवाळ्यात अशा गाड्या तिच्याकडे दर महिन्याला यायच्या. तिनं लाकडी पट्टीनं थर खरवडले, नळ औषधात भिजत टाकला, ब्रशनं घासला, इंजिनाच्या तोंडाशी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोरानं मारून घेतला. संध्याकाळपर्यंत गाडी गुळगुळीत चालू लागली.

"आता रोज एकदा हायवेवर ने," तिनं बजावलं. "खालच्या गिअरमध्ये चांगली ताणून चालव. आतून तापली की थर बसत नाहीत."

"आणि तुझ्या बापाचं ब्लडप्रेशर हायवेवरून घेऊ?"

"त्याचं काय, तो कुठूनही शिव्या देईलच."

रोनाल्डाचा बाप लॉकी बीटन आळीच्या शेवटच्या घरात राहायचा. ऐंशीच्या घरातला, हाडांचा सापळा, नाकात नळ्या आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. खाण कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला एकेकाळी सांगितलं होतं की छातीचं दुखणं सिगारेटमुळे आहे. त्यानं उभ्या जन्मात सिगारेट ओढली नव्हती. आता शहरातले डॉक्टर त्याला वृद्धांच्या इस्पितळात न्यायचं म्हणत होते. तो म्हणायचा, समुद्राखालून स्वतःच्या पायांनी वर आलो, ह्या घरातून मात्र मला चौघांनी उचलूनच न्यावं लागेल.

बर्निसनं सांगितलेलं सगळं केलं. रोज ती गाडी हायवेवर पळवून आणायची. तरी पंधरवडा व्हायच्या आत गाडी पुन्हा आळीतच अडली.

रोनाल्डानं नळ उघडला आणि जरा वेळ नुसती पाहत राहिली. आत चिकट काहीच नव्हतं. कोरडी, बारीक, चमचमणारी भुकटी होती, दाबून भरल्यासारखी. तिनं चिमूटभर बोटांत घेतली. गार लागली. मग तिनं वास घेतला आणि तिला स्वयंपाकघरातली चूल आठवली, चुलीवर वाळत टाकलेले बापाचे ओले कपडे, दगडी कोळसा आणि खारं पाणी.

हवेचा फिल्टर तिनं काढून पाहिला. कागद नव्यासारखा पांढरा. नळ्यांना कुठं चीर नाही, जोड घट्ट. जे बाहेरून आत आलंच नव्हतं, ते आत भरलेलं होतं.

"कोळसा आहे," ती म्हणाली.

"रस्त्यावरचा असेल."

"असेल," रोनाल्डा म्हणाली. वरच्या आळीचा रस्ता तेव्हा हातभर बर्फाखाली होता, हे दोघींनाही माहीत होतं.

रोनाल्डाला हार जाण्याची सवय नव्हती. पोरीच्या जातीनं गॅरेज काढल्यावर गावानं पैजा लावल्या होत्या की एक हिवाळा टिकणार नाही. त्या पैजा लावणाऱ्यांच्या गाड्या आता तिच्याच दारात उभ्या असायच्या. तिनं बर्निसच्या गाडीला तेलाची वाफ अडवणारा डबा बसवला, धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह नवा घातला, प्रत्येक जोडाला नवी सील लावली, आणि फिल्टरच्या पुढं आणखी एक बारीक जाळी. "आता शिरून दाखव," ती गाडीच्या तोंडावर म्हणाली.

काही शिरलं नाही. गाडी नव्या नवरीसारखी चालली. पुढच्या आठवड्यात तिनं नळ उघडून पाहिला तर आत बोट फिरवावं आणि बोट तसंच पांढरं निघावं.

त्याच आठवड्यात लॉकीचा श्वास अडला.

रोनाल्डा धावत पोचली तेव्हा तो खुर्चीत पुढं वाकून बसला होता, ओठ निळे, खांदे कानांपर्यंत चढलेले. बर्निसनं मशीन पुरतं वाढवून ठेवलं होतं. अँब्युलन्सवाला दारात उभा होता, आणि लॉकी त्याच्याकडे काठी रोखून होता.

"बाबा, जा की. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिवसांचाच," लॉकी एकेक शब्द उपसत म्हणाला. "म्हणून. इथंच."

अँब्युलन्स रिकामी गेली. बर्निस रोनाल्डाला मागच्या ओसरीत घेऊन गेली. तिथं लाकडं रचलेली होती आणि वारा घुसत होता. बर्निसनं हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"मी एक बोलणार आहे. हसू नकोस."

"बोल."

"कोळसा निघाला त्या वेळी गाडी अडली ना, ती तुझ्या बापाच्या दारात. आणि त्याच दिवशी त्याच्या बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा चांगला आला होता. इतका चांगला की मला वाटलं यंत्रच बिघडलं. तू गाडी नीट केलीस आणि..." ती थांबली. "मी शिकलेली बाई आहे, रोनाल्डा. मला हे बोलायला लाज वाटते."

रोनाल्डा हसली नाही. आतून बापाच्या छातीचा आवाज येत होता, ओल्या दोरावरून करवत फिरवावी तसा. तिनं हात पुढं केला.

"किल्ली दे."

तिनं त्याच दुपारी डबा काढला, जाळी काढली. गाडी बर्निसनं परत नेऊन लॉकीच्या दारात लावली आणि इंजिन चालू ठेवलं. दोघी स्वयंपाकघरात चहा करत बसल्या. चहा दुसऱ्यांदा उकळला तेव्हा बाहेर इंजिन आचके द्यायला लागलं आणि बंद पडलं.

आतल्या खोलीतून लॉकीनं विचारलं, "ओटकेक संपले का? का तुम्हीच खाऊन बसलात?"

एवढं लांब वाक्य त्यानं कित्येक महिन्यांत एका दमात बोललं नव्हतं.

तेव्हापासून दर आठवड्याला गाडी गॅरेजात यायची आणि रोनाल्डा नळ उघडायची. भुकटी निघायची, ती बादलीत झाडून घ्यायची, नळ धुवायची, परत बसवायची. बर्निसला आता ती हायवेवर जा म्हणत नव्हती. भुकटी कुठून येते हे तिनं स्वतःला विचारलं नाही. रात्री अंथरुणात प्रश्न उभा राहिला की ती कूस बदलायची. एकदा मात्र भुकटीत तिला पिवळट लाकडाची एक ढलपी सापडली, खाणीत छताला टेकू देतात तसल्या लाकडाची. माणसाच्या छातीत असली वस्तू कशी असेल? तिनं ती शेगडीत टाकली.

लॉकीच्या नाकातल्या नळ्या आधी दुपारपुरत्या निघाल्या, मग दिवसभर, मग मशीन कोपऱ्यात गप्प झालं. तो आळीभर फिरायला लागला. शेजारच्या घरात जाऊन पत्ते कुटायला लागला आणि हरला की डाव मोडायला लागला. शहरातल्या डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरला, नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, कुणातरी तरुण माणसाचा फोटो यात मिसळलाय.

"मिसळला नाही," लॉकी कोट चढवत म्हणाला. "माझी छाती मला परत मिळालीय. तुमच्या लोकांनी हे खाणीचं दुखणंच नाही म्हटलं होतं, तरी."

बर्निसच्या ऑफिसनं तिला ही म्हातारी गाडी मोडीत काढून नवी घ्यायला सांगितलं. तिनं साफ नाही म्हटलं. साहेबानं कारण विचारलं तर म्हणाली, "हिला माझ्या पेशंटांची सवय आहे." गावातला दुसरा मेकॅनिक रोनाल्डाला म्हणाला, बाई, हे इंजिन तू असं वागवलंस तर आतून खाऊन टाकेल स्वतःला. रोनाल्डा म्हणाली, "खाऊ दे. मी नवं ओतून घालीन."

भुकटी मात्र आठवड्यागणिक कमी होत गेली. मग बादलीचा तळच झाकायची. मग ब्रशला नुसती करडी छटा. आणि फेब्रुवारीतल्या एका कडक, निरभ्र सकाळी रोनाल्डानं नळ उघडला तर आत लखलखीत धातू. तिनं दिवा आत धरून सगळे फाटे पाहिले. कण नाही.

तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला गॅरेजात कुणी नव्हतं. तिनं नळ बसवला, हात पुसले आणि बर्निसला फोन केला. "संपलं. बाबाला आपण दोघी मिळून सांगू."

बर्निस गाडी घेऊन वर निघाली, रोनाल्डा शेजारी बसली. चढावर गाडी एकदाही खोकली नाही.

लॉकी अंगणात होता. सदऱ्याच्या बाह्या वर सारून लाकडं फोडत होता. समुद्र किनाऱ्यापर्यंत गोठला होता, थंडी अशी की नाकातले केस ताठ व्हावेत. बर्निसनं फाटकाशी गाडी लावली. दोघी उतरल्या.

"बाबा, नळ स्वच्छ निघाला."

"मग?" कुऱ्हाड खाली आली, ओंडका दुभंगला. "मी काय वेगळं सांगत होतो? ती खाण आत शिरली होती, तिला हाकलून लावली. चाळीस वर्षं माझ्या उरावर बसली होती."

"दमशील, बाबा."

"दमणं कसं असतं तेच विसरलो बघ."

बर्निस हसली. तिच्या तोंडातून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. रोनाल्डाच्याही निघाला, आणि त्याच्या आडून तिनं बापाकडे पाहिलं.

लॉकी बोलत होता. पत्त्यांत कालच कुणाला कसं लोळवलं ते सांगत होता, मोठ्यानं, तोंड उघडून. त्याच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती. पलीकडचं कुंपण, कुंपणापलीकडचा बर्फ, सगळं लख्ख दिसत होतं.

तिनं वाट पाहिली. त्यानं आणखी एक ओंडका फोडला. वाफ नाही.

तिची मान हळूहळू फाटकाकडे वळली.

गाडीच्या मागच्या नळीतून पांढरा धूर येत होता. सलग नाही. थोडा आला, थांबला. थोडा आला, थांबला.

"बर्निस," लॉकी कुऱ्हाडीवर रेलून म्हणाला, "बंद कर की ती गाडी. डिझेल उगाच जाळतेस."

बर्निसनं हात पुढं केला. किल्ली तिच्या तळहातात होती. तिचा चेहरा बर्फासारखा झाला होता.

रोनाल्डा फाटकापर्यंत चालत गेली. बॉनेटवर हात ठेवला. थरथर नव्हती, आवाज नव्हता. पत्रा ऊन होता, पण इंजिनासारखा नाही. कपाळासारखा.

ती परत आली. बापानं फोडलेली लाकडं उचलून ओसरीत रचायला लागली.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "चालू राहू दे. मी बघते तिच्याकडे. मी आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही."

लॉकीनं खांदे उडवले, पुढचा ओंडका ठोकळ्यावर ठेवला आणि कुऱ्हाड डोक्यावर नेऊन क्षणभर थांबला, घाव घालण्याआधी माणूस छाती भरून घेतो तसा.

फाटकाशी धूर थांबला. कुऱ्हाड खाली आली, तेव्हा पुन्हा सुटला.