दादाच्या बादलीतली चिठ्ठी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. सोमवार, सकाळचे साडेदहा. रुग्णालयाच्या तळघरातली आमची प्रयोगशाळा, सगळे दिवे लख्ख चालू.

मी तिथे तंत्रज्ञ आहे. गेलेल्या माणसांचे मेंदू तपासणीसाठी तयार करतो. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. म्हणून तो दोऱ्याला बांधून फॉर्मालिन या टिकवणाऱ्या रसायनाच्या बादलीत दोन-तीन आठवडे टांगून ठेवायचा. घट्ट झाला की कापायचा.

हे मला शिकवलं माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. दादा तिथेच तीस वर्षं होता. कानावर कायम पेन्सिल. बादली उघडण्याआधी तिच्यावर पेन्सिलीने दोनदा टकटक करायचा.

"आत कोण आहे, विचारावं माणसाने," म्हणायचा.

आणि एक नियम रोज घोकून घ्यायचा. "झाकणावर नंबर लिहायचा नाही. फॉर्मालिनने शाई जाते. पेन्सिलीने चिठ्ठी लिही, दोऱ्याला बांध."

मग दादाचीच स्मृती गेली. चार वर्षांत तो वहिनींना ओळखेना, घास गिळायचं विसरला. वहिनींनी खूप केलं हो, पण त्याही माणूसच. कधी त्याचे हात खाटेला बांधून ठेवायच्या. एकदा माझ्यासमोरच ओरडल्या, "सुटा एकदाचे, आणि मलाही सोडवा!"

मग रडायला लागल्या. मी दादाच्या उशाशी उभा राहून, हसत म्हणालो, "वहिनी, त्याला कुठे काय कळतंय? भाडेकरू गेला. खोली रिकामी आहे."

दादा छताकडे बघत होता...

तो गेला, तेव्हा वहिनींनी मेंदू तपासणीला दिला. "भावोजी, यांना कळत होतं का, एवढंच मला सांगा. मग मला झोप लागेल."

दादाची बादली मीच भरली. बघवत नव्हतं, म्हणून झाकण घाईने लावलं. त्याच दिवशी एका आजीबाईंचा मेंदू आला होता, त्याच आजाराचा. दोन्ही नंबर मी मार्करने झाकणांवर लिहून टाकले. चिठ्ठ्या राहूनच गेल्या.

त्या सोमवारी कपाट उघडलं. शनिवारी कुणीतरी फॉर्मालिन बदललं होतं.

दोन्ही झाकणं कोरी.

दोन सारख्या बादल्या. यातला दादा कुठला? आमच्या डॉक्टर मॅडम कापायला कधीही येतील...

टक. टक.

डावीकडची बादली.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पंखासुद्धा बंद होता.

झाकण काढलं. दोरा हळूच वर ओढला...

दोऱ्याला चिठ्ठी होती.

पेन्सिलीने लिहिलेली. नंबर अगदी बरोबर. अक्षर दादाचं. ज्या हाताला दोन वर्षं चमचा धरता आला नव्हता, त्या हाताचं. आणि तो नंबर तर दादा गेल्यानंतर पडला होता.

मी चिठ्ठी खिशात कोंबली. मॅडम आल्या. मेंदू कापला.

"बघा किती आक्रसलाय. याच्यात काही कळण्यासारखं उरलंच नव्हतं."

मला एवढं हायसं वाटलं, की डोळेच भरून आले. लगेच बाहेर जाऊन वहिनींना फोन लावला. घंटी वाजत असताना ती ओली चिठ्ठी खिशातून काढली. मागच्या बाजूलाही काहीतरी होतं...

"खोली रिकामी नव्हती."

"हॅलो? भावोजी? कळलं का काही?"

मेंदू तर आत टेबलावर चिरलेला पडला होता. मग हे लक्षात कुणी ठेवलं? आणि ती चार वर्षं... हात बांधलेले असताना... तो सगळं ऐकत होता?

"नाही वहिनी," मी म्हणालो. "दादाला काहीच कळत नव्हतं."

त्या ढसाढसा रडल्या. मग एकदम म्हणाल्या,

"थांबा हं भावोजी... यांच्या खाटेवर कुणीतरी वाजवतंय."

दोनदाच वाजलं, म्हणाल्या.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. वहिनींना दाखवलेली नाही. त्यांनीही पुन्हा काही विचारलं नाही. हल्ली मीही बादली उघडण्याआधी दोनदा टकटक करतो. थांबतो.

उत्तर आलं तर दादाला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.