विमलचा हात

"विमलच्या हातात ते काम पुन्हा द्यायचं नाही, सांगून ठेवतो!" असं म्हणून गोपीनाथरावांनी समोरचं ताट सरकवलं, आणि मुलानं, परेशनं, मोठ्या कौतुकानं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलेला जुना स्पीकर उचलून सरळ दाराबाहेर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला. सून रुचिता भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. विमलाबाईंच्या मात्र काळजात चर्र झालं... सुनेसमोर! ज्या गोष्टीची लाज त्यांनी इतकी वर्षं पदराआड झाकून ठेवली होती, ती आज त्यांच्या नवऱ्यानं भर जेवणात उघडी केली होती.

एकेकाळी भाईंदरच्या एका गाळ्यात गोपीनाथरावांचे 'गोपीटोन' स्पीकर तयार व्हायचे. रत्नागिरीहून आलेल्या माणसानं रेडिओदुरुस्ती शिकता शिकता उभा केलेला तो धंदा. पण ज्यांना गाणं कळतं अशी माणसं गिरगावातून वाट वाकडी करून तिथं यायची. त्या स्पीकरचा प्राण म्हणजे आतली तांब्याच्या तारेची कॉइल. ती लोखंडाच्या मधोमध, कुठेही न टेकता बसली पाहिजे. केसभर कलली तरी आवाजात खरखर आलीच म्हणून समजा. कामाला असलेल्या हंसा आणि सुगंधा कागदाचे शंकूसारखे कोन तयार करायच्या, पेट्या पुसायच्या, पण कॉइल बसवायची ती विमलाबाईंनीच, असा गाळ्याचा कायदा होता.

आणि मग एके दिवशी ह्याच नवऱ्यानं त्या बायकांसमोर सांगितलं, माल परत आलाय, कॉइल घासतायत, विमलचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी ठेवायला ते तयार होईनात. थोड्याच दिवसांत गाळ्याला कुलूप लागलं आणि गोपीनाथराव मीरा रोडच्या एका दुकानात टीव्ही दुरुस्त करायला बसले. परेश तेव्हा दहावीत होता. बाबांच्या हट्टापायी घरचा धंदा बुडाला, हे त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच; तेव्हापासून बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं. खरं कारण आपण आहोत, हे विमलाबाईंना माहीत होतं. त्यांनी दिवाळीत दारापुढे रांगोळी काढणंसुद्धा सोडलं. आपल्या हाताचा त्यांना विश्वासच वाटेनासा झाला होता.

आता एवढ्या वर्षांनी जुनं ते सोनं झालं होतं! सीडी आल्या, मोबाइलवर गाणी आली, आणि लोकांना एकाएकी जुन्या आवाजाची आठवण झाली. इंटरनेटवर शौकीन मंडळी जुने गोपीटोन शोधत होती. पुण्याचा एक व्यापारी परेशला म्हणाला होता, त्याच नावानं, तसाच हातानं बनवलेला माल द्या, मी विकतो. आधी फक्त एक नमुना दाखवा. कितीतरी वर्षांनी परेश बापासमोर मन मोकळं करून बसला होता आणि त्याला हे उत्तर मिळालं होतं.

विमलाबाईंच्या आत मात्र काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. बिघडलाय ना हात? बघूच या! दुसऱ्या दिवशी गोपीनाथराव भाईंदरला नातेवाइकांकडे पूजेला गेले, तसा त्यांनी दाराबाहेरचा स्पीकर आत घेतला, माळ्यावरचा सामानाचा खोका रुचिताकडून खाली काढून घेतला, आणि देवाचं नाव घेऊन खिडकीपाशी बसल्या.

खोक्यात बिस्किटांचा एक डबा होता, त्यात काळ्या फिल्मच्या पट्ट्या. रद्दीवाल्याकडून जुने एक्स-रे आणून गोपीनाथराव त्या कापत. कॉइल बसवताना मधल्या फटीत ह्या पट्ट्या गोल लावायच्या, म्हणजे ती हलत नाही; गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या. विमलाबाईंनी डब्यातल्या वरच्या, कोऱ्या करकरीत पट्ट्या घेतल्या. आधी बोटं चाचपडली, मग हळूहळू त्यांची त्यांना वाट सापडली.

दुपार कलल्यावर गोंद वाळला. त्यांनी पट्ट्या काढल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद दाबला. खाली, वर... पुन्हा खाली, वर! कुठं खरखर नाही, कुठं अडणं नाही. त्यांना हुंदका आवरेना. रुचितानं घाबरून पाठीवर हात ठेवला, तर सासूबाई रडता रडता हसत होत्या.

डोळे पुसून त्या पट्ट्यांचा गोंद खरवडू लागल्या. एक पट्टी त्यांनी सवयीनं उजेडाकडे धरली, आणि तिच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या इंग्रजी अक्षरांवर त्यांची नजर खिळली. विमल. दुसऱ्या पट्टीवर तेव्हाचं साल होतं. रुचितानं डब्यातल्या पट्ट्या काढून शेजारी शेजारी लावल्या, तशी खिडकीच्या काचेवर एकेक बरगडी जुळत गेली, आणि बरगड्यांच्या मागे धुरासारखा पांढुरका डाग दिसला.

विमलाबाईंना तो खोकला आठवला. गोंदाचा वास नाकात गेला की रात्र रात्र न थांबणारा खोकला... दवाखान्यातल्या त्या गार पत्र्याला छाती टेकवून उभं राहणं... आणि बाहेर आल्यावर नवऱ्याचं सहज सांगणं, की फोटो साफ आहे, नुसती धूळ बसलीय. दुसरा कुणी असता तर त्यानं तो फोटो जाळून टाकला असता. पण ज्यानं जन्मात चांगली फिल्म वाया घालवली नाही, त्यानं तिच्याही पट्ट्या केल्या होत्या.

संध्याकाळी गोपीनाथराव प्रसादाची पुडी घेऊन आले आणि खिडकीच्या काचेकडे बघून दारातच थांबले. परेशही पाठोपाठ कामावरून आला होता.

"काय म्हणाला होता डॉक्टर?" विमलाबाईंनी विचारलं.

गोपीनाथरावांनी पुडी टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, "गोंदाजवळ राहिलीस तर श्वास पुरायचा नाही, म्हणाला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काम सोडलं असतंस?"

"नसतं सोडलं."

"मग? तुझा हात न लागलेला स्पीकर मला विकायचा नव्हता, आणि तुला गमावून तर काहीच नको होतं." ते काचेपाशी गेले. "माल परत आलाच नव्हता, विमल."

ज्या बापाला परेशनं हेकट म्हणून मनातून उतरवून टाकलं होतं, त्यानं स्वतःच्या नावाचा कारखाना आईच्या श्वासासाठी बंद केला होता आणि पोराचा राग मुकाट्यानं सोसला होता! त्यानं बापाच्या पायांना हात लावला. गोपीनाथरावांनी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

विमलाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान मात्र खाली गेली नाही.

"जीव वाचवलात, त्याचे उपकार जन्मभर मानीन," त्या म्हणाल्या. "पण जीव माझा होता. छाती बिघडली म्हणाला असतात, तर मी भांडले असते, रडले असते. तुम्ही हात बिघडला म्हणालात. मी मुकी होऊन बसले हो... परेश, उद्या पुण्याला फोन कर. आणि तुम्ही, ज्यांच्यासमोर ते बोललात, त्यांच्यासमोरच हे बोलायचं."

गाळा भाड्यानं दिलेला होता, तो रिकामा झाल्यावर परेशनं हंसाबेन आणि सुगंधाला बोलावून आणलं. दोघींचे केस पिकले होते. गोपीनाथरावांनी टोपी काढली, आणि उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेला तो माणूस म्हणाला, "हिचा हात कधीच बिघडला नव्हता. मी खोटं बोललो होतो."

सुगंधानं पदर तोंडाला लावला. हंसाबेन मात्र ठसक्यात म्हणाली, "हमको तो तभी मालूम था, भाई. विमलाबेनच्या हातची कॉइल घासणार? आम्ही दोघी कधी मानलंच न्हाय."

म्हणजे साऱ्या भाईंदरात ते खोटं खरं मानलं होतं एकाच बाईनं... कारण ते तिच्या नवऱ्याच्या तोंडून आलं होतं! विमलाबाईंना हसू आलं, रडू आलं, आणि मग फार वर्षांनी स्वतःचा रागही आला. त्यांनी पदर खोचला, गाळ्याची खिडकी सताड उघडली आणि आपली जुनी खुर्ची तिच्यापाशी ओढली. गोंदाला हात नव्या ठेवलेल्या मुली लावतील, आपण त्यांना दुरून शिकवू, आणि आपण तपासल्याशिवाय एकही पेटी बाहेर जाणार नाही, असं त्यांनी परेशला ठणकावून सांगितलं.

गोपीनाथराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माफ केलंस ना, विमल?"

"आधी हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा," त्या म्हणाल्या. "मग बघू."

ते मुकाट्यानं शिडी आणायला गेले.