दर सहावं घर

त्या रविवारी मी विहाराच्या हॉलमध्ये गेले ती फक्त आईचा डबा परत आणायला. डबा मिळाला नाही. सुमेध मिळाला.

म्हणजे तो दरीवर, सतरंजीला आमच्याकडे दरी म्हणतात, मांडी घालून बसला होता आणि त्याच्या घड्याळाभोवती लोकर अशी गुरफटली होती की किती वाजले ते बघायला आधी लोकर कापावी लागली असती. त्याने वर बघितलं... मदत मागावी की मागू नये, एवढंच त्या बघण्यात होतं.

"दीक्षा, तुले येते का विणता?" वर्ग घेणाऱ्या मैनाबाईंनी मला विचारलं.

मी चौथीपासून विणते. माझ्या हातचे चौदा स्वेटर आहेत, त्यातला एक चार बाह्यांचा, आमच्या कुत्र्याचा.

"नाही येत," मी म्हणाले.

ज्यांना येतं ते खुर्चीवर, ज्यांना येत नाही ते दरीवर, असा मैनाबाईंचा नियम. मी दरीवर बसले. बरोबर सुमेधच्या शेजारी.

सुमेध हथखोजच्या एका कारखान्यात बोल्ट तपासायचा. तो आला होता वर्गाला आलेल्या त्याच्या आईला तिचा विसरलेला चष्मा द्यायला. पण रिकाम्या हाताने बसलेला माणूस मैनाबाईंना सहन होत नाही, म्हणून त्याच्या हातात सलाया, म्हणजे विणायच्या सुया, आल्या होत्या. खुर्च्यांवर मोठी माणसं. रेल्वेतून रिटायर झालेल्या कवडूकाकांना सुलटं विणता यायचं, थांबता यायचं नाही. त्यांच्या मफलरचं दुसरं टोक आता वेगळ्या खुर्चीवर बसायचं. कमलाकाकू न बघता विणायच्या, कारण डोळे त्यांना लोकांसाठी लागायचे.

आणि मी – येत असलेली गोष्ट न येण्याचा प्रयत्न करत होते. हे फार अवघड असतं. हात ऐकत नाहीत. बोलता बोलता दोन ओळी सुरेख व्हायच्या आणि मी त्या घाईघाईने उसवायचे. शेवटी मी शनिवारी घरी बसून चुकांचा सराव करायला लागले. दर सहावं घर सोडायचं. आमच्याकडे टाक्याला घर म्हणतात.

"तुझं घर पुन्हा पडलं," सुमेध हळूच म्हणायचा.

"हो ना. तुझं?"

"माझं कोणतं पडलं ते सांगता येत नाही. मले वाटते, मोहल्लाच गेला."

मी हसायचे. मग कमलाकाकूंकडे बघायचे. त्या आमच्याकडेच बघत असायच्या, आणि खाली स्वेटर आपोआप वाढत असायचा.

चार महिने असे गेले. मग एक भयंकर गोष्ट घडली. सुमेधला विणता यायला लागलं.

"पुढच्या रविवारी टोपी पुरी करून आणा," डिसेंबरात मैनाबाईंनी जाहीर केलं. "ज्याची टोपी जमली, तो खुर्चीवर. आन् आता खुर्चीवाल्यांचा वर्ग बुधवारी. इथं गर्दी होऊन राहिली."

बुधवार. मी रविवारी दरीवर, तो बुधवारी खुर्चीवर. मधे तीन दिवस, चार दिवस... आणि मग कायमचं. मी आठवडाभर जेवले नाही, म्हणजे भात सोडून जेवले नाही. टोपी चांगली विणली तर एका आठवड्यात कशी जमली म्हणून चार महिन्यांचं खोटं उघडं पडणार. वाईट विणली तर सुमेध जाणार. शेवटी मी वाईट विणली. निदान मान खाली घालून बसता तरी येईल.

रविवारी सुमेध टोपी घेऊन आला. निळी, घट्ट, नीटस. फक्त वरचा शेंडा बंद करायचा राहिला होता. मैनाबाई चष्मा पुसत होत्या, आणि तेवढ्यात – त्याच्या सलाईवरून एक घर सुटलं. सुटलं ते थेट खाली. एक ओळ, दोन ओळी, आठ ओळी. टोपीच्या मधोमध शिडी उभी राहिली.

"गेलं," कवडूकाका म्हणाले. रेल्वेत त्यांनी याहून वाईट बघितलं असावं. तरी आवाज उतरला.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर तो नापास झाला असता आणि दरीवर राहिला असता, माझ्या शेजारी, कदाचित होळीपर्यंत. पण तो टोपीकडे असा बघत होता...

"जाऊ दे," तो म्हणाला. "उसवतो. फिरून सुरू करतो."

माझ्या हाताने क्रोशाची सुई उचलली. मी नाही, हाताने. आठही ओळी तळापासून वर चढवल्या, घर सलाईवर बसवलं, शेंडा बंद केला, धागा आत लपवला. मिनिटसुद्धा लागलं नसेल.



"चार महिन्यांपासून हिले येत नव्हतं," कमलाकाकू म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचे हात थांबले होते.

मी उठून बाहेर आले. चप्पल उलटी घातली, ती तशीच राहू दिली. मागून सुमेध आला. आता तो खोटारडी म्हणेल, मग मी घरी जाईन, मग दुसऱ्या गावी.

"हे कावून केलं?" त्याने कारण विचारलं.

"माफ कर. मला विणता येतं."

"ते मले तिसऱ्याच रविवारी समजलं होतं. टोपी कावून नीट केली, ते विचारून राहिलो."

"समजलं होतं? कसं?"

"दर सहावं घर. एका बोल्टात खोट असली तं ती खोट. दर सहाव्या बोल्टात असली, तं कोणीतरी करून राहिलं." तो भिंतीकडे बघून बोलत होता. "मले वाटलं, हिले खुर्चीवर जायचं नाही. मग मी एकटा जाऊन काय करू? म्हणून घर पाडलं. सोपं नाही ते. आठ ओळी जाईपर्यंत हात आवरून धरा लागले... आन् तू जोडून मोकळी."

मी चप्पल सुलटी घातली.

"मग मी का चुकत होते," मी शेवटी विचारलं, "ते समजलं का?"

"अंदाज आहे."

"मग?"

"अंदाजावर आमच्याकडे माल पास होत नाही."

"लिहून देऊ?"

"तोंडी चालन."

"तू आवडतोस मला," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. चेहरा मात्र कारखान्यातलाच. "तीनदा तपासा लागते," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज कमी कापला. तिसऱ्यांदा सांगत होते तेव्हा दारात मैनाबाई उभ्या होत्या, एका हातात निळी टोपी आणि दुसऱ्या हातात माझी, भोकं पडलेली.

त्यांनी दोन्ही टोप्यांकडे बघितलं. मग आमच्याकडे.

"बुधवारी या," त्या म्हणाल्या. "दोघंही पास."