ताणकाट्याला टांगलेला डबा

शुक्राच्या ढगांत तरंगणाऱ्या वस्तीवर घारपुरे मास्तर मुलांना विज्ञान शिकवत. पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या हाती ते वजन मोजायचा एक ताणकाटा देत आणि त्याला खाऊचा डबा टांगायला लावत. आधी काटा बघायचा, मग खाऊ.

आज त्यांची लेक मृदगंधा आणि सात वर्षांची नात ओवी शेजारच्या वस्तीवरून फुगाकुपीतून परतत होत्या. वाटेत फुगा फाटला आणि कुपी खाली कोसळू लागली.

नियंत्रणकक्षात मास्तरांच्या शेजारी तांबोळीबाई पडद्यासमोर होत्या. "मास्तर, हादरे थांबले. पण..."

"गुरुत्व खाली ओढतंय, हवा वर ढकलतेय. दोन्ही बळं सारखी झाली," मास्तर म्हणाले. "बेरीज शून्य झाली की वेग बदलायचा थांबतो, बाई. वेग थांबत नाही."

"म्हणजे पडताहेतच. खालचा दाब कुपीला सोसणार नाही, आणि इथून कुणी वेळेत पोचणार नाही."

तेवढ्यात संपर्कयंत्रावर ओवीचा आवाज आला. "आजोबा! मगाशी डबा तरंगत होता. आता काटा पुन्हा पहिल्यासारखा! थांबलो ना आम्ही?"

थांबलेली कुपी असो की एका वेगाने पडणारी, डबा दोन्हींत तेवढाच भरतो. आतून फरक कळत नाही. तो सांगतो फक्त बाहेरच्या हवेचा दाबमापक. हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं.

"हो गं राणी. थांबलात."

"आईला लाडू देत नाहीये मी. काटा चुकेल."

"बघा बाबा, तुमची शिष्या! उपाशी मारतेय मला," मृदगंधा हसली. "मी मागची झडप बघून येते. तुम्ही बोलत राहा हिच्याशी."

पावलं दूर गेली. ओवी कुजबुजली, "आजोबा, आईने दाबमापकावर रुमाल बांधलाय."

मास्तर यंत्राच्या आणखी जवळ सरकले.

"थांबलो असतो तर कशाला बांधला असता? पण तिला सांगू नका हं. तिला वाटतंय, मला कळलं नाही."

तांबोळीबाईंनी तोंड फिरवलं.

"नाही सांगणार," मास्तर म्हणाले.

पावलं परत आली. "काय म्हणताहेत गं आजोबा?"

"काटा किती दाखवतोय, विचारताहेत."

"मग सांग की."

"तेवढाच, आजोबा," ओवी मोठ्याने म्हणाली. "अगदी तेवढाच."