तड्यावरची काच

काच तड्याच्या रेषेवर फुटली नव्हती. रेषेपासून बोटभर डावीकडे एक पांढरा ठिपका होता आणि त्यातून केसासारख्या चिरा चहूकडे पसरल्या होत्या. भिंत सरकते तेव्हा काच ताणली जाते आणि तड्याला धरून सरळ तुटते. अशी नक्षी उमटते ती कुणी काहीतरी ठोकल्यावर.

तिने भिंग खिशात ठेवलं. जुन्या इमारतींची तपासणी हेच तिचं काम. नदीकाठच्या या दगडी पाणचक्कीत, जिन्याच्या वळणावरच्या तड्यावर, ही पातळ काचपट्टी तिनेच आडवी चिकटवली होती. आणि अशी फुटलेली काच ती पहिल्यांदा बघत नव्हती.

"फुटली का हो?" खालच्या पायरीवरून आवाज आला. नको तितका काळजीचा.

"फुटली."

"अरेरे. म्हणजे... परत नवीन लावायची. परत यायचं तुम्ही, एवढ्या लांबून. त्रासच की."

'त्रास' हा शब्द त्याने इतक्या आनंदाने उच्चारला, की तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. खाली लाकडी चाक संथ फिरत होतं. ओल्या लाकडाचा वास वर येत होता.

तो इथला गाईड. त्यांची ओळख झाली ती भांडणातून. ती आली होती पलीकडचा जुना पूल बघायला, आणि बस चुकली म्हणून तिकीट काढून चक्कीत शिरली होती. तो पर्यटकांना सांगत होता, "चक्कीवाल्याची मुलगी प्रियकराची वाट बघत इथे उभी राहायची. एके दिवशी तिने असा उसासा टाकला, की भिंतीला तडा गेला."

"पाया खचलाय," ती मागून म्हणाली होती.

सगळे वळले. तोही. क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, पायाही उगाच खचत नाही. त्यालाही काही दुःख असेल."

त्यानंतर महिनाभरात तोच तडा तपासायचं काम तिच्या ऑफिसकडे आलं. ते तिने मागून घेतलं होतं, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चक्कीच्या तिकीटखिडकीत त्याची आत्या बसायची. तिने पहिल्याच फेरीत हिचं बारसं केलं – काचवाली. आज सकाळीसुद्धा तिकिटं फाडता फाडता म्हणाली होती, "काचवाली आली होय. तरीच आमच्या साहेबांनी दाढी केली."

पण आजची फेरी नेहमीसारखी नव्हती. ऑफिसातून वरिष्ठांचा फोन आला होता. आता मुदतवाढ नाही. वरचा मजला लोकांसाठी उघडायचा की कायमचा बंद करायचा, ते आज सांगायचं. वर दळणाची जुनी जाती होती, नदीचं वळण दिसणारा सज्जा होता. तो मजला बंद राहिला, तर चक्की बघायला कोण येणार? मग त्याला शहरात भावाच्या दुकानात जावं लागणार होतं. आणि मजला उघडला, तर तिला इथे यायचं काही कारणच उरणार नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "काच फुटली, की त्याचा अर्थ काय होतो?"

"तुम्ही येता."

तो हसत होता. ती हसली नाही.

"भिंत हलतेय, असा होतो. मी नुसत्या फुटलेल्या काचेवर विश्वास ठेवला असता, तर या चक्कीला केव्हाच कुलूप लागलं असतं."

त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. सगळ्यात मोठी लोखंडी किल्ली त्याने हळूच मुठीत घेतली. लपवायला तसा उशीरच झाला होता.

"मला वाटलं... नुसती काच तर आहे." त्याचा चेहरा पांढरा पडला. "मग तुम्ही कुलूप का नाही लावलं?"

"भिंत किल्लीने काच फोडत नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आधीपासून?"

"पहिल्या काचेपासून."

"आणि तरी प्रत्येक वेळी नवीन लावलीत? 'अजून एक ऋतू बघू' म्हणालात?" तो एक पायरी वर आला. "का?"

तिने तड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. गरज नसताना एकही माप न घेणारी बाई म्हणून ऑफिसात तिची ख्याती होती.

"भिंत तर कधीच थांबलीय," ती शेवटी म्हणाली. "थांबायला तयार नव्हते ती मी."

"फेऱ्या थांबवायला?"

तिने मान डोलावली. तो आणखी एक पायरी चढला. आता दोघांमध्ये फक्त तो तडा होता.

"अहो काचवाली," खालून आत्याची हाक आली, "चहा निवला. आणि माणसं उभी आहेत इथे. वर सोडू की नको, ते एकदाचं सांगा बाई."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग नजर खाली वळवली. "खरं असेल ते सांगा," तो पुटपुटला. "माझ्याकडे बघू नका."

तिने फुटकी काच अलगद सोडवून रुमालात गुंडाळली. नवी पट्टी पिशवीतच राहिली. मग ती कठड्यावरून वाकली.

"सोडा आत्या, वर सोडा. भिंत पक्की आहे."

खालचा तिकिटं फाडायचा आवाज थांबला. आजवर काचवाली तिला 'बाई'च म्हणत आली होती; 'आत्या' आज पहिल्यांदाच.

"झालं तर मग तुमचं काम," तो म्हणाला. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न त्याला जमला नाही.

"झालं."

जिन्यावर पावलं वाजू लागली. लोक येत होते. ती हललीच नाही, आवाजही खाली आणला नाही.

"रविवारी येतेय मी. मोजायला नाही, तपासायलाही नाही. तुम्ही आवडता मला, म्हणून."